खुर्चीवरली बाई

५ डिसेंबर, शुक्रवार

नूपुरनं हे डायरी देल्ली. तिच्या बँकेत भेटली व्हती, वर्ष सरत आलं तरी कोरीच. म्हणे, "आई, दिवसभर भिंतीशी बोलता, त्यापेक्षा हिच्यात लिहा." मी म्हटलं, "भिंत कशी, आयकून तं घेते. हे आयकंन काय वं?" सून हासली, पर्स उचलली अन् गेली. माहा पोरगा अमोल तं तिच्याही आधी कामावर गेला.

माही शाळा सातवीची, जिल्हा परिषदेची. पण अक्षर चांगलं. फळ्यावरचा सुविचार गुरुजी मलेच लिहाले लावत.

तं आज काय झालं? काही नाही. भांडेवाली आली, गेली. दुपारी मनीषनगरात असं सुनं वाटते का कुत्रंबी भुंकत नाही. मी आपली बाल्कनीत बसली, फाटकाकडं तोंड करून. माह्या लाल खुर्चीचा हात उन्हाळ्यात मोडला व्हता, त्याले मी सुतळी बांधली. पक्की झाली. चहाचा गिलास कठड्यावर ठेवते. चहा सरला तरी गिलास तेथीच राहते अन् मीबी. उठून करावं काय?

पहिल्या दिवसाले इतकं बस.

७ डिसेंबर, रविवार

आज बाजूच्या बिल्डिंगीतली सुमतीबाई आली. पोरींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवे, आता रिटायर झाली. लग्न केलं नाही. तिची खिडकी माह्या बाल्कनीच्या मागच्या बाजूले पडते. दिवाळीत भाजीच्या ठेल्यावर वळख झाली. एकच वांगं हातात घेऊन किती येळची पाहून राहिली व्हती. मी भाजीवाल्याले म्हटलं, "थांब गा, बाई सोयरिक जुळवून राहिल्या." ते इतकी हासली का वांगं खाली पडलं. तवापासून येणं-जाणं हाय. माह्या गमतीवर हासणारं नागपुरात तेवढंच एक माणूस. अमोल हासत नाही. म्हणे, "आई, लोकांसमोर असं नको बोलू."

बाई म्हणे, "अंजनाबाई, माझं प्रदर्शन आहे. झिरो माइलजवळच्या हॉलमध्ये. आयुष्यातलं पहिलं."

"या वयात?"

"या वयात. अधिवेशनाचे दिवस आहेत ना, तिकडचे रस्ते बंद असतात, म्हणून हॉल कोणी घेत नाही. मला मिळाला. सोबत बसाल का? एकटीनं बसलं की जीव घाबरतो."

म्हटलं, "मले चित्रातलं काय समजते? पण संत्र्याच्या ढिगापाशी उभा जन्म बसली. बसाले मले येते."

जाता जाता तिनं एक गोष्ट सांगतली. इंदूरचा भाऊ बोलावून राहिला. म्हणे, एकटी काय करते तेथी, ये इकडं. मी विचारलं, "मंग?" म्हणे, "प्रदर्शन होऊ द्या. मग पाहू."

म्हणजे चित्रं खपले तं राहीन, नाही खपले तं जाईन. मले तं असंच समजलं. सारे नाही, दोन-चार तरी खपले पाहिजेत बावा. हे गेली तं माह्याशी बोलंन कोण?

१० डिसेंबर, बुधवार

तिच्या घरी चित्रं बांधू लागाले गेली. खोलीभर खोके. एकात चित्रं, एकात पुस्तकं, एकात पडदे, एकात पोळपाट. म्हटलं, "बाई, पोळपाटाचंबी प्रदर्शन हाय काय?"

म्हणे, "घर आवरतेय जरा."

चांगलं हाय. पाव्हणे येतीन तं घर साफ पाहिजे. मी पोळपाट पेपरात नीट गुंडाळून देल्ला.

१३ डिसेंबर, शनिवार

आज उद्घाटन. मेट्रोनं गेलो. मी नारंगी काठाचं ठेवणीतलं नेसली. बाईनं पांढरं नेसलं. म्हटलं, "तुमची नवरी व्हयाची पाळी अन् नटून मी आली."

झिरो माइलले उतरलो तं चारीकडं पोलिसच पोलिस, बांबू बांधेल. पाहुणे साहेब रस्त्यात अटकले. मंग फोनवरच भाषण केलं त्याईनं, बाईनं फोन उंच धरला. आयकणारे आम्ही दोघी, हॉलचा बळीराम अन् बाईच्या शाळेतल्या दोन म्हाताऱ्या. कचोऱ्या उरल्या. बळीरामले मी डबा भरून देल्ला.

चित्रं पाह्यले. शाळेचा बाक. यष्टी स्टँडवरचं बाकडं. आंगणातली खाट. कोणाच्या तरी ओसरीवरली गादी, मधात दबेल. सारीकडं बसाची जागा, माणूस कुठी नाही. मी म्हटलं, "बाई, माणसं काढाचे राहूनच गेले का?"

म्हणे, "माणसं बसतात, उठून जातात. मी ती गेल्यावर काढते."

एकातच माणूस हाय. कोपऱ्यातलं चित्र, नाव 'दुपार'. एक म्हातारी पाठमोरी बसेल हाय बाल्कनीत. पाठ थोडी वाकेल, आंबाडा इवलासा. खुर्चीले सुतळी बांधेल, बाजूले रिकामा गिलास. पाहून मले कसंतरीच झालं. म्हटलं, "कोणाची हाय हे? घरी पोरगं-सून नाही का हिले? एक धड खुर्ची घेऊन देत नाही. चांगल्या घरची नाही वाटत."

बाईनं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "घर चांगलं आहे हो. ती फक्त फार वेळ बसते."

"तं मंग उठ म्हणाव तिले."

"म्हणते कधी कधी," म्हणे.

बळीरामनं एक गोष्ट शिकवली. चित्र विकल्या गेलं का त्याच्या नावाखाली लाल टिकली लावतेत. त्याच्या टेबलाच्या खणात टिकल्यायचा कागद हाय, दोनदा विचारलं, "काढू का मावशी?" म्हटलं, "काढजो, घाई काय हाय?" कागद काही निंघाला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

कोणी नाही. एक जोडपं आलं, सेल्फी काढली, गेलं.

१५ डिसेंबर, सोमवार

आज मोर्चा व्हता. पाण्यासाठी दहा-बारा बाया आत आल्या, थंड फरशीवर बसल्या, भाकरी सोडली. हॉल असा भरला का मले मांडवाची याद आली. सुमतीबाई नुसती पाहत राहिली. एक बाई त्या कोपऱ्यातल्या चित्रापाशी गेली अन् म्हणे, "इच्या पाठीमागं जाऊन भोंऽ कराव वाटते." म्हटलं, "कर नं वं, तिलेबी बरं वाटंन." साऱ्या हासल्या. बाहीर घोषणा सुरू झाल्या तं ताडकन उठून गेल्या. फरशीवर भाकरीचा चुरा राहिला. बाईनं तो झाडू देल्ला नाही. म्हणे, राहू द्या जरा.

आमचे हे होते तवाची गोष्ट. नरखेडच्या बाजारात गिऱ्हाईक नाही फिरकलं का हे मले इशारा करत. मी डोक्यावरून पदर वढून गिऱ्हाईकासारखी येवो अन् मोठ्यानं घासाघीस करो. "कसे देल्ले गा संत्रे? बापा, इतके महाग!" हे म्हणत, "बाई, परवडत नसंन तं पुढं व्हा." मी तरी पिशवी भरो. पाहता पाहता गर्दी. घरी जाताना बैलगाडीत दोघंबी पोट धरून हासो.

आज तेच करून पाह्यलं. दोन कालिजातले पोट्टे आले. मी खाटेच्या चित्रापुढं उभी राहून म्हटलं, "बापा बापा, काय हाय हे खाट! मी तं नेतेच." पोट्टे एकमेकाकडं पाहून निंघूनच गेले.

बाजार वेगळा हाय इथचा.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज मी एक काम केलं. लिहाले हासू येऊन राहिलं.

माह्या ट्रंकीत टिकल्यायचं पाकीट व्हतं. मखमलीच्या, मरून. हे गेले तवापासून तसंच पडेल. फेकाले जीव झाला नाही, लावाची तं बातच नाही. सकाळी ते ब्लाऊजमंधी खोसलं. बाई दुपारी जेवाले गेली, बळीराम पेंगला, अन् मी तीन चित्रायच्या नावाखाली टिकल्या लावून टाकल्या. शाळेचा बाक सोडला, थो मले आवडला नाही. खाटेले लावली, यष्टीच्या बाकड्याले लावली, अन् त्या कोपऱ्यातल्या बाईले. तिची टिकली अंगठ्यानं नीट दाबून बसवली. म्हटलं, घे वं माय, तुह्याबी कपाळाचं कोणी पाहो.

बाई आली. पहिले दुरून पाह्यलं, मंग जवळून. नखानं टिकली हळूच दाबून पाह्यली. मंग माह्या कपाळाकडं पाह्यलं अन् तोंड फिरवून खोकली.

"कोणी घेतली हो?"

"एक साहेब आला व्हता. उंच. चष्मा."

"तिन्ही त्यांनीच?"

"मोठं घर असंन."

"शर्ट कोणत्या रंगाचा होता?"

"निळा."

"मिशा?"

"व्हत्या. म्हणजे, कापेल व्हत्या."

"कापलेल्या मिशा तुम्हाला दिसल्या?"

म्हटलं, "बाई, तुम्ही चित्रं विकता का चोर धरता?" इतकी हासली, इतकी हासली, डोळे पुसू पुसू हासली. मास्तरीण असून किती भोळी हाय. चटकन फसली.

मंग मी मुद्द्यावर आली. "आता भावाले फोन करून टाका. येत नाही म्हणा." ते फोन घेऊन बाहीर गेली. वापस आली तं हातात दोन चहा अन् नाक लाल. "बोलल्या का?" "लागला नाही," म्हणे.

लागंन उद्या.

१७ डिसेंबर, बुधवार

आज गडबड झाली.

खापरखेड्याहून एक माणूस आला, सुशील नावाचा. लहानपणी सुमतीबाईच्या घरी चित्र शिकाले ये, आता पॉवर हाऊसमंधी हाय. बायकोले घेऊन मोटरसायकलीवर आला, बांबू पाहून ते दूर लावली अन् पायी आला. बाईच्या पाया पडला. एकेका चित्रापुढं उभा राहून पाहे. कोपऱ्यातल्या बाईपाशी गेला तं हालेचना.

मले म्हणे, "मावशी, हे गेलं का? मले हेच पाहिजे व्हतं. माही आजी अशीच बसे."

आता काय सांगू? खरं गिऱ्हाईक दारात अन् खोटी टिकली माहीच. सुमतीबाई बाजूलेच उभी. टिकली काढली तं कालचं सारं उघडं पडते, अन् बाई आज रातच्या गाडीनं इंदूर. नाही काढली तं हातातलं जाते.  

तं बाईच बोलली. "ते गेलं रे सुशील. पहिल्याच दिवशी गेलं."

पहिल्या दिवशी तं टिकली नव्हतीच! मी काल लावली. बाईचा हिशोब चुकला. 

सुशीलनं मंग शाळेचा बाक घेतला. म्हणे, असल्याच बाकावर बसून मार खाल्ला म्हणून शिकलो. बळीरामनं अखेर कागद काढला, टिकली लावली. हे खरी टिकली भडक लाल, गुळगुळीत. माही मखमलीची मरून. दोन्ही एकाच भिंतीवर. आंधळ्यालेबी फरक समजंन. बाई रंगात जन्म घालवते अन् तिले दिसलं कसं नाही?

एक चित्र खरं खपलं. आता तं बाई राहीन.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा दिवस. तीन चित्राले गिऱ्हाईक येणार नाही हे मलेच मालूम. बळीराम विचारे, "मावशी, त्या उंच साहेबाचा पत्ता?" म्हटलं, येईन येईन. सुमतीबाई खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसेल. तिच्याकडं पाहवेना. मंग माह्याच्यानं राहवलं नाही.

"बाई, थो साहेब येणार नाही."

"का हो?"

"त्याले मिशा नाहीत. चष्माबी नाही. थो हायच नाही."

ते उठली, माह्याजवळ येऊन बसली. म्हणे, "अंजनाबाई, तेवीस वर्षं शाळेत होते. कोण कुठून आणून काय चिकटवतं, हे मला कळतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"कोणी माझ्यासाठी इतकं खोटं बोललंच नव्हतं कधी."

मी म्हटलं, "अन् इंदूर?"

म्हणे, "घर दिवाळीआधीच दिलं मी. रविवारी जायचंय. तुम्हाला कसं सांगावं, सुचेना. मग म्हटलं, जाण्याआधी एक आठवडा तरी सोबत बसू."

म्हणजे पोळपाट. मी माह्या हातानं गुंडाळून देल्ला.

मले राग आला. मेट्रोत मी खिडकीकडं तोंड करून बसली. एक टोमणा सुचला नाही. उज्ज्वलनगर टेसन येता येता तिनं हळूच विचारलं, "भोंऽ करू का?" तरी मी हासली नाही. घरी येऊन हासली. पण तवा तेथी कोणी नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी ट्रक आला. खाट अन् बाकडं तिनं बिल्डिंगीतल्या वॉचमनले देऊन टाकले, म्हणजे त्यायचे चित्रं. थो चित्रातल्या खाटेकडं पाहून विचारे, "मॅडम, याच्यावर झोपायचं कसं?" ओसरीची गादी नूपुरले देल्ली, आमच्या हॉलमंधी लागली.

मी म्हटलं, "अन् ते बाई? सुतळीवाली?"

"ती माझ्यासोबत येतेय."

"खपली नाही म्हणून?"

म्हणे, "खपली म्हणून." मास्तरीण हाय, कोड्यातच बोलंन. चित्र तिनं ट्रकमंधी टाकू देल्लं नाही, चादरीत बांधून ऑटोत आपल्या मांडीवर घेतलं. मी सांगतलं, "टिकली काढून घेजा. मखमल हाय, डाग पडते." म्हणे, "पडू द्या."

ऑटो फाटकातून गेला. मी हात नाही हालवला. अमोल म्हणे, "आई, ऊन लागतंय, आत ये." मी म्हटलं, येते.

आज पयल्यांदाच मी खुर्ची फिरवून बसली, तिच्या खिडकीकडं तोंड करून. खिडकीले पडदा नाही. आत भिंत दिसते, खिळे ठोकेल.

२८ डिसेंबर, रविवार

नूपुरच्या फोनवर सुमतीबाईनं फोटो पाठवला. इंदूरची नवी भिंत, पिवळी. मधात ते बाई, पाठमोरी. टिकली अजून तेथीच चिकटून हाय. खाली लिवलं व्हतं, 'अंजनाबाईंना दाखवा.'

नूपुर लय येळ पाहत राहिली. म्हणे, "आई, हे चित्र तुम्ही पाहिलं होतं?"

"रोज पाह्यलं. गरीब घरची हाय बिचारी. सुतळी पाह्य कशी बांधेल हाय."

तिनं अमोलले बोलावलं. दोघं बाल्कनीत गेले अन् माह्या खुर्चीकडं पाहत उभे राहिले. म्हटलं, ढेकूण झाले का काय? अमोल आत आला अन् उगाच माह्या खांद्यावर हात ठेवला. इतका मोठा झाला तवापासून ठेवला नव्हता. म्हटलं, "काहून गा, पैसे पाहिजेत का?" त्याले हासाचं व्हतं पण हासता आलं नाही.

दुपारी दोघं गाडी काढून गेले अन् वेताच्या दोन खुर्च्या घेऊन आले. "दोन काहून?" नूपुर म्हणे, "एक तुमची. एक कोणी बसायला." मंग तेच बसली, चहा घेऊन. आम्ही फाटकाकडं पाह्यलं. मी तिले सांगतलं कोण कोणाकडं जाते, कोणाचं पटत नाही. हासली पोरगी. मंग तिले फोन आला, बँकेतला, रविवारचाबी येते. उठून आत गेली.

अमोल लाल खुर्ची फेकत व्हता. मी फेकू देल्ली नाही. सुतळी पक्की हाय अजून.

चला, त्या चित्रातल्या बाईले घर भेटलं. सुमतीबाई येता-जाता तिच्याकडं पाहत असंन. दोघींलेबी सोबत झाली.

दुसरी नवी खुर्ची बाजूले रिकामी व्हती. उन्हात चांगली चमके. मी आत जाऊन पाकीट काढलं, एक टिकली सोडवली अन् खुर्चीच्या हातावर नीट दाबून बसवली. बाजूच्या बिल्डिंगीत नवे लोक राहाले येऊन राहिले, कोणी ना कोणी मागाले येईनच, मावशी, जरा खुर्ची द्या म्हणून.

म्हणीन, हे गेली.